फुकटची जागा आणि नशिबाचा दंड

मनुष्य ज्या वस्तूची किंमत देत नाहीं तिची किंमत तो ओळखीतही नाहीं, हें जुनें तत्त्व शिकण्यासाठीं आतां कोणत्याही ग्रंथाकडे जाण्याचें कारण उरलेलें नाहीं. पुणें शहरांतील कोणत्याही पेठेच्या रस्त्यावर सकाळीं अकरा वाजतां उभें राहिलें म्हणजे पुरे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुचाकी व चारचाकी वाहनांच्या रांगा लागलेल्या. फूटपाथ जेथें आहे तेथें तोही त्यांनींच अडविलेला. मधल्या चिंचोळ्या वाटेंतून बस, रिक्षा, टेंपो आणि जीव मुठींत धरून चालणारीं माणसें एकमेकांस चुकवीत चाललेलीं. आणि एखाद्या खांबावर, झाडाच्या फांदीआड, सम-विषम तारखांची एक गंजलेली पाटी. हें दृश्य आम्हां पुणेकरांच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्यांत कांहीं अनुचित आहे असें कोणास वाटेनासें झालें आहे. जें अंगवळणीं पडलें तें न्याय्यच असलें पाहिजे, असा आपल्या समाजाचा समज असतो. त्या समजाविरुद्ध आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. सार्वजनिक रस्त्यावर खासगी वाहन उभें करणें हा हक्क नव्हे, ती सवलत आहे. ही सवलत शहर बहुतेक ठिकाणीं फुकट देतें, ही पहिली चूक. फुकटच्या जागेवर जी झुंबड उडते ती आवरण्यासाठीं, मन मानेल तेव्हां व मन मानेल त्याच्या डोक्यावर, दंडाचा सोटा हाणावयाचा, ही दुसरी चूक. जागा फुकट म्हणून गर्दी. गर्दी म्हणून दंड. दंड अनिश्चित म्हणून त्याचें भय नाहीं. आणि भय नाहीं म्हणून पुन्हां गर्दी. हें रहाट असेंच चालावयाचें असेल, तर नव्या पाट्या आणि उचलणाऱ्या नव्या गाड्या आणून कांहीं साधणार नाहीं.

प्रथम शब्दांचाच विचार करूं, कारण पुष्कळसे अन्याय शब्दांच्या आड लपून राहतात. एखादी भाजीवाली चार फूट गोणपाट रस्त्याच्या कडेला पसरून मेथीच्या जुड्या मांडते, तेव्हां त्यास आपण 'अतिक्रमण' म्हणतों. महापालिकेची गाडी येते, जुड्या गोणपाटासकट उचलल्या जातात, आणि शेजारून जाणारा सुशिक्षित गृहस्थ 'रस्ता मोकळा झाला' म्हणून समाधानाचा सुस्कारा टाकतो. त्याच जागेपासून दोन हातांवर उभ्या असलेल्या मोटारीस मात्र आपण 'पार्किंग' म्हणतों. एका मोटारीसाठीं अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब जागा धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारें १३५ चौरस फूट. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेंत कामगारांच्या कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या संसार केले, आणि त्याचें भाडें भरलें. भाजीवालीनें २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणें नोंदणी करून घ्यावी, प्रमाणपत्र घ्यावें, नेमून दिलेल्या जागींच बसावें व त्याचें शुल्क भरावें, अशी अपेक्षा आहे. जिचें पोट त्या जागेवर अवलंबून आहे तिनें पैसे मोजावे, आणि ज्याची मोटार दिवसभर तेथें नुसती झोंप काढते त्यानें मात्र दमडीही देऊं नये, हा कोणता न्याय?

१९८५ सालीं ओल्गा टेलिस यांच्या प्रसिद्ध खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें फूटपाथवर राहणाऱ्या दरिद्री माणसांविषयीं सहानुभूति तर दाखविली, पण त्याबरोबरच असेंही सांगितलें कीं, फूटपाथ हे चालणारांसाठीं असून खासगी कामासाठीं ते अडविण्याचा हक्क कोणासही नाहीं. झोपडीवाल्यास हा सिद्धान्त लागू झाला. मोटारवाल्यास तो कोणी लावून दाखविला नाहीं. पुढें २०२५ च्या मे महिन्यांत त्याच न्यायालयानें असें म्हटलें कीं, अडथळ्यावांचून फूटपाथवरून चालावयास मिळणें हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. चालणें हा हक्क आहे असें न्यायालय म्हणतें. वाहन उभें करणें हा हक्क आहे असें कोणत्याही न्यायालयानें म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. व्यवहारांत मात्र पहिला हक्क कागदावर राहतो आणि दुसरा रस्त्यावर.

आतां दंडाकडे वळूं. कायदा आपल्याकडे नाहीं असें नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमानें वाहनें कोठें उभीं करावयाचीं तें स्थानिक संस्थेशीं विचारविनिमय करून ठरविण्याचा अधिकार दिला आहे. १२२ व्या कलमानें धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीनें वाहन सोडून जाण्यास मनाई केली आहे. आणि १२७ व्या कलमानें असें वाहन उचलून नेण्याची मुभा दिली आहे. वळणावर, चौकाजवळ, फूटपाथवर, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर, बसथांब्याजवळ, रुग्णालयाच्या दाराशीं वाहन उभें करूं नये, हेंही नियमांत लिहिलेलें आहे. दंडाची रक्कम २०१९ च्या दुरुस्तीनें वाढली, व महाराष्ट्रानें ती दुरुस्ती २०२१ च्या डिसेंबरांत अमलांत आणली. तेव्हांपासून मनाईच्या जागीं वाहन लावल्यास प्रथम ५०० रुपये व पुन्हां तोच गुन्हा केल्यास १,५०० रुपये अशी दंडाची पायरी झाली. कागदावर यापेक्षां अधिक काय पाहिजे?

पाहिजे तें एवढेंच कीं, दंड निश्चित असावा. इटालियन ग्रंथकार बेकारिया यानें १७६४ सालीं गुन्हा व शिक्षा यांवर जो लहानसा ग्रंथ लिहिला त्याचा सारांश हाच आहे कीं, शिक्षेच्या कठोरपणापेक्षां तिच्या अटळपणानें गुन्हा अधिक आवरतो. आमच्याकडे मात्र शंभर गाड्या चुकीच्या जागीं उभ्या असतात आणि उचलली जाते एखादीच. बहुधा ती हलकी दुचाकी असते, कारण ती उचलण्यास सोपी. ज्या मोटारीनें खरोखर रस्ता अडविला आहे ती जागच्या जागीं राहते, आणि एका बाजूस शिस्तीनें लावलेली, परंतु पाटीच्या हातभर पलीकडे गेलेली दुचाकी टेंपोंत चढते. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत नाना पेठेंत वर बसलेल्या इसमासकट एक दुचाकी उचलली गेल्याचें चित्र सर्व देशानें पाहिलें व लोक हंसले. आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. ज्या दंडांत गुन्ह्याचा विचार संपून केवळ उचलण्याचा विचार उरतो, त्याचा शेवट याहून वेगळा होणें शक्य नव्हतें.

अशा दंडाचा नागरिकाच्या मनावर काय परिणाम होतो? ज्याची गाडी उचलली जाते त्यास आपण चुकलों असें वाटत नाहीं. आपलें नशीब फुटकें असें वाटतें. पाऊस आला आणि छत्री नव्हती, इतकाच त्याचा अर्थ. दंड हा धर्माचा रक्षक न राहतां सोडतीची चिठ्ठी होतो. ई-चलनांचेंही तेंच झालें आहे. चलन येतें, थकतें, आणि पुढें लोकअदालतींत तडजोडीनें मिटतें. तेव्हां वेळेवर भरणारा तो वेडा आणि थांबणारा तो शहाणा, असा धडा राज्ययंत्रच लोकांस देतें. कायद्याविषयींचा आदर एकदां असा झिजला म्हणजे तो पार्किंगपुरताच झिजून थांबत नाहीं.

आणि नियम तरी किती सुबोध! 'पी-१' व 'पी-२' या सम-विषम तारखांच्या योजनेचाच विचार करा. एका तारखेस या बाजूला, दुसऱ्या तारखेस त्या बाजूला. ज्याचें घर त्याच रस्त्यावर आहे त्यानें रात्रीं दहा वाजतां लावलेली गाडी नियमाच्या अक्षराप्रमाणें मध्यरात्रीं उठून समोर नेली पाहिजे. आणि ३१ तारखेनंतर १ तारीख आली म्हणजे विषमापाठोपाठ विषम आल्यामुळें त्यास एका रात्रीची सुट्टी! ज्या नियमाचें अक्षरशः पालन कोणीही करीत नाहीं व कोणी करील अशी अपेक्षाही कोणाची नाहीं, तो नियम नव्हे; तें पोलिसाच्या खिशांतलें हत्यार होय.

दंडाची अशी अंदाधुंदी आपल्या परंपरेंतही बसत नाहीं. कौटिल्यानें नगराच्या रस्त्यांसंबंधीं दंड सांगितले आहेत ते पाहावे: रस्त्यावर केर टाकल्यास पणाचा आठवा हिस्सा, चिखल-पाण्यानें रस्ता अडविल्यास पाव पण, आणि तेंच राजमार्गावर केल्यास दुप्पट. रकमा लहान आहेत. अपराधाच्या मानानें चढत्या आहेत. आणि जेथें अधिक लोकांची अडचण होते तेथें दंडही अधिक आहे. याच्या उलट मुंबईची गोष्ट घ्या. तेथील महापालिकेनें ता. ७ जुलै २०१९ पासून २६ सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटरांच्या आंत बेकायदा वाहन लावणारांस ५,००० पासून २३,००० रुपयांपर्यंत दंड सुरू केला. वाहनतळ ओस आणि शेजारचा रस्ता भरलेला, हें त्याचें कारण. रोगाची परीक्षा बरोबर होती, पण औषध वैद्याचें नव्हे, मांत्रिकाचें होतें. पैसे देऊन वाहनतळांत जावें कीं बाहेर फुकट उभें राहावें, असा प्रश्न असेल तर लोक बाहेरच उभे राहणार. त्यावर उपाय म्हणजे बाहेरची जागा आंतल्यापेक्षां महाग करणें. ती फुकट ठेवून वर एखाद्यास तेवीस हजारांचा तडाखा देणें हा कांहीं उपाय नव्हे.

पुण्यानें हा सरळ मार्ग एकदां धरण्याचा आव आणला होता. २०१८ च्या मार्च महिन्यांत महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनें पार्किंगचें धोरण मंजूर केलें. त्याच सुमारास शहरांतील नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन माणसांच्या संख्येपेक्षां अधिक झाल्याचें प्रसिद्ध झालें होतें. तेव्हां धोरणास याहून योग्य मुहूर्त सांपडणें कठीण होतें. परंतु ओरड झाली, सर्वपक्षीय अंगें शहारलीं, आणि सर्व शहराचें धोरण अखेर प्रयोगादाखल पांच रस्त्यांपुरतें उरलें. पुढें वर्षानुवर्षें त्या पांच रस्त्यांचाही मुहूर्त लागला नाहीं. याच पुण्याच्या नगरपालिकेंत एके काळीं जोतीराव फुले सभासद होते, आणि व्हाइसरॉयच्या स्वागतासाठीं करदात्यांचा पैसा उधळण्याच्या ठरावास त्यांनीं एकट्यानें विरोध केला होता. सर्वांच्या मालकीची जमीन कांहींजणांच्या गाड्यांस फुकट वाटून देण्याच्या अलिखित ठरावास आज विरोध करणारें तसें एकटें मत आम्हांस कोठें ऐकूं येत नाहीं.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें. पहिला आक्षेप असा कीं, 'आम्ही वाहनकर भरतों, मग पुन्हां पैसे कशाचे?' हा कर राज्यसरकार घेतें आणि तो वाहन रस्त्यावर चालविण्याबद्दलचा आहे. रस्त्याचा एक तुकडा दिवसभर आपल्या नांवें अडकवून ठेवण्याचा नव्हे. आगगाडीचें तिकीट काढणारास स्थानकावर बिछाना घालून राहण्याचा हक्क मिळत नाहीं. शिवाय जो बसनें जातो, सायकलीनें जातो, पायीं जातो, तोही नाना प्रकारचे कर भरतो; त्यास त्या रस्त्यावर किती चौरस फूट मिळाले?

दुसरा आक्षेप गरिबांच्या नांवानें येतो. 'दुचाकी हें गरिबाचें वाहन. त्यावर शुल्क म्हणजे गरिबावर कर.' या आक्षेपांत तथ्य आहे आणि आम्ही तें टाळूं इच्छीत नाहीं. पुण्यांतील बससेवा विश्वसनीय असती तर लाखों माणसांनीं कर्ज काढून दुचाकी घेतली नसती. परंतु बस वेळेवर कां येत नाहीं, याचाही विचार करावा. गाड्या कमी, हें एक कारण आहेच. पण ज्या आहेत त्या दुतर्फा उभ्या वाहनांच्या मधल्या बोळांत अडकतात हें दुसरें. तीस फूट रस्त्याच्या दोन्ही अंगांना सहा-सहा फूट मोटारींनीं घेतले म्हणजे उरले अठरा. त्यांत दुहेरी रहदारी, आणि त्यांतच अग्निशामक बंब व रुग्णवाहिका. जो खरा गरीब आहे तो त्या अडकलेल्या बसमध्यें उभा आहे, किंवा फूटपाथ नाहीं म्हणून रस्त्याच्या मधून चालला आहे. त्याच्या नांवानें मोटारवाल्याची बाजू मांडणें म्हणजे भुकेल्याच्या नांवानें शिधा मागून आपलें कोठार भरणें होय. दुचाकीचें शुल्क तिच्या जागेच्या मानानें नाममात्र ठेवावें. सायकल व अपंगांचें वाहन यांस तें मुळींच नसावें. पण दुचाकीची ढाल करून मोटारीस फुकट सोडूं नये.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा: 'शुल्क लावलें कीं गिऱ्हाईक पळेल.' या बाबतींत इतिहास त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. जगांतलें पहिलें पार्किंग मीटर अमेरिकेंत ओक्लाहोमा सिटी येथें ता. १६ जुलै १९३५ रोजीं बसलें. दर तासाला पांच सेंट. त्याची खटपट केली कोणी? तेथील व्यापारी मंडळाच्या समितीवर नेमलेल्या कार्ल मॅगी यांनीं. कारण कचेऱ्यांत व दुकानांत काम करणारे लोक सकाळींच जागा पटकावून बसत आणि गिऱ्हाइकास गाडी उभी करण्यास ठिकाण मिळत नसे. लक्ष्मी रस्त्यावरील दुकानदारांनीं आपल्या दारासमोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी असलेली गाडी कोणाची, याची एकदां प्रामाणिकपणें चौकशी करावी. पुष्कळदां ती गिऱ्हाइकाची नसून शेजारच्या दुकानदाराची, त्याच्या नोकराची किंवा स्वतःचीच निघेल. कॅलिफोर्निया विद्यापीठांतील प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनीं २००५ सालीं फुकट पार्किंगच्या जबर किंमतीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांतील कसोटी फार सोपी आहे: ज्या दरामुळें प्रत्येक रांगेंत एखाद-दुसरी जागा मोकळी राहील तो दर योग्य. सॅन फ्रान्सिस्को शहरानें २०११ पासून मागणीप्रमाणें दर चढवून-उतरवून हा प्रयोग केला, तेव्हां सरासरी दर वाढण्याऐवजीं किंचित् उतरल्याचें आढळलें. गर्दीच्या जागा महाग झाल्या, ओस जागा स्वस्त झाल्या.

चौथा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो: 'पैसे ठेकेदाराच्या घशांत जातील.' ही भीति खोटी नाहीं. पावती न देणें, ठरलेल्या दरापेक्षां अधिक मागणें, नेमलेल्या हद्दीबाहेरही वसुली करणें, हे प्रकार आपल्या शहरांस नवे नाहींत. परंतु यावरून निष्पन्न काय होतें? हिशेब ठेवावा हें; जागा फुकट द्यावी हें नव्हे. इंग्लंडांत १९८४ च्या रस्ते-वाहतूक-नियमन कायद्याच्या ५५ व्या कलमानें रस्त्यावरील पार्किंगच्या उत्पन्नाचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो, आणि शिल्लक उरल्यास ती रस्ते, सार्वजनिक वाहतूक अशा ठराविक कामांसच लावावी लागते. लंडनमधील बार्नेट येथील नगरसंस्थेनें तिजोरी भरण्यासाठीं रहिवाशांच्या पार्किंगचे दर वाढविले, तेव्हां २०१३ सालीं तेथील उच्च न्यायालयानें ती वाढ बेकायदा ठरविली. शुल्क हें रस्त्याच्या व्यवस्थेसाठीं असतें, कमाईसाठीं नसतें, हा दंडक आपल्या कायद्यांतही यावा. ज्या रस्त्यावर पैसा जमेल त्याच रस्त्याच्या फूटपाथवर, त्याच मार्गाच्या बसथांब्यावर तो खर्च व्हावा, आणि जमाखर्चाची पाटी त्याच रस्त्यावर लागावी. मग ठेकेदाराच्या घशाकडे पाहण्यास शेंकडों डोळे आपोआप मिळतील.

राहतां राहिला रात्रीचा प्रश्न. घरीं जागा नसतां मोटार घ्यावी कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या खुशीचा प्रश्न आहे असें म्हणतात. मोटार घेणें खुशीचें आहे. पण ती ठेवावयाची कोठें, हें शेजाऱ्यांच्या गळ्यांत बांधणें खुशीचें नाहीं. जपाननें १९६२ सालींच असा कायदा केला कीं, मोटार ठेवण्यास स्वतःची किंवा भाड्याची जागा असल्याचा दाखला मोटारवाल्यानें दिला पाहिजे. आज ती जागा घरापासून दोन किलोमीटरांच्या आंत असावी लागते, व रात्रभर रस्त्यावर मोटार ठेवणें हा तेथें गुन्हा आहे. २०२५ सालीं आपल्या राज्याच्या परिवहनमंत्र्यांनींही अशा दाखल्यावांचून नोंदणी न करण्याचें सूतोवाच केलें. सूतोवाचांची आपल्याकडे उणीव नाहीं. खोटे दाखले विकण्याचा एक नवा धंदा सुरू होऊं नये, एवढी दक्षता घेऊन हा नियम खरोखर अमलांत आला, तर निदान पुढची भर तरी थांबेल.

सारांश, करावयाचें तें अवघड नाहीं. उभें राहण्याच्या जागा रंगवून आंखाव्या, व पाट्या वाचतां येतील अशा लावाव्या. तासाचा दर जागा व वेळ पाहून ठेवावा. माल उतरविण्यासाठीं वेगळ्या वेळा द्याव्या. दंड माफक पण अटळ असावा, आणि उचलणारी गाडी फक्त रस्ता अडविणाऱ्या वाहनासाठीं असावी, मग तें दुचाकी असो, आलिशान मोटार असो कीं सरकारी पाटी लावलेलें वाहन असो. यांतील शेवटचें कलम अमलांत येईल त्या दिवशीं बाकीच्या कलमांवर लोकांचा विश्वास बसेल. तोंपर्यंत बसणार नाहीं, व बसूंही नये.

खरी अडचण योजनेची नसून वृत्तीची आहे. आम्ही सुशिक्षित मध्यमवर्गीय लोक परदेशीं गेलों म्हणजे तासाचे पैसे मुकाट्यानें मोजतों, आणि परत आल्यावर तेथल्या शिस्तीचें कौतुक करतों. परंतु आपल्या दारासमोरचे १३५ चौरस फूट आपलेच, ही भावना मात्र सुटत नाहीं. फाटकावर 'येथें वाहन लावूं नये' अशी पाटी लावणारा गृहस्थ स्वतःची गाडी दुसऱ्याच्या फाटकाशीं लावतो, आणि ती उचलली गेली कीं राज्य बुडालें म्हणून हाकाटी करतो. रस्ता ज्या दिवशीं सर्वांचा आहे असें आपण खरोखर मानूं, त्या दिवशीं त्याचें भाडें देण्यांत कमीपणा वाटणार नाहीं. तोंवर फुकट जागेची किंमत शहर देतच राहील: म्हातारीच्या मोडलेल्या पायानें, शाळेच्या दाराशीं गाड्यांच्या फटींतून वाट काढणाऱ्या मुलाच्या धोक्यानें, आणि उशीरा पोंचलेल्या रुग्णवाहिकेनें. ही किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. म्हणूनच ती आम्हांस स्वस्त वाटते.